रहिमतखाला आणि देवीची पुतळी

रहिमतखालासमोर कुणी नाणं फरशीवर आपटून वाजवून दाखवलं, की ती हातातला रेशमी दोरा खाली ठेवायची आणि चष्म्यावरून बघत म्हणायची, "तुला आपटलं तर तू पन वाजशील. त्यानं तू खरा ठरतोस काय रे?" कुणी नाणं दाताखाली धरलं तर त्याची धडगत नसे. "आधी चूळ भरून ये. कुणाच्या तरी आजीच्या गळ्यातली चीज हाय ती, पाव नाय." कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एका धिप्पाड माणसाने आपली गिन्नी अशी चावून दाखवली, तेव्हा तिने त्याला खरोखरच कोपऱ्यातल्या नळावर पाठवलं होतं. तोही मुकाट्याने गेला.

खाला सोनारीण नव्हती. ती पटवेकरीण. सोनार मणी घडवतो, पुतळ्यांना कड्या लावतो. ते सगळं दोऱ्यात ओवून, गाठी मारून गळ्यात घालण्याजोगं करणारा तो पटवेकरी. महाडच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या ओट्यावर तिची बैठक होती. हे काम ती सासऱ्यांकडून शिकली. नवरा आखातात गेला, तिथेच वारला, आणि ओटा तिच्याकडे राहिला तो कायमचा. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींची मंगळसूत्रं तिच्या हातून गेली असतील. कोणत्या घरातल्या पुतळ्या खऱ्या आणि कुणाच्या नुसत्या दिसायला खऱ्या, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं एकाही सोनाराला नव्हतं. आणि ती कधीही बोलत नसे. "मी गाठी मारते गो बाई, सोडत नाय," असं ती मला म्हणायची.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती माझं तुटलेलं मंगळसूत्र घेऊन. तेव्हा मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर शिक्षिका होते. तिने ते तळहातावर घेतलं आणि विचारलं, "कुणावर ओरडताना तुटलं?" मी थक्क झाले. खरंच वर्गात ओरडताना हिसका बसून तुटलं होतं. पुढे आमची ओळख वाढली ती बहुधा आम्ही दोघी सारख्याच तापट म्हणून.

महाडला पूर आला त्या वर्षी ओट्यावर पुरुषभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखल तुडवत बायका तिच्याकडे आल्या, कारण प्रत्येकीचं काही ना काही तिच्याकडे गाठायला दिलेलं होतं. खालाच्या घरातली भांडी गेली, शिवणाचं मशीन गेलं, नवऱ्याचा एकुलता एक फोटो गेला. पण माळ्यावर नेऊन ठेवलेल्या डब्यातून एकेका बाईचं एकेक डोरलं, कागदात गुंडाळलेलं, जसंच्या तसं निघालं. एकीने रडत तिचे पाय धरले तर ही खेकसली, "रडतेस काय? मनी मोजून घे."

नाणं पारखायची तिची रीत मला आजही तोंडपाठ आहे. हातातला छोटा काटा आणि कळकाची एक पट्टी, एवढीच तिची अवजारं. पट्टीला एका टोकाला सरळ, बारीक फट पाडलेली होती; ती सासऱ्यांनी खऱ्या पुतळीच्या जाडीवरून पाडली होती. पुतळी म्हणजे जुनं सोन्याचं नाणं, त्यावर उभ्या आकृत्या असतात, म्हणून पुतळी. खाला आधी आलेली पुतळी खऱ्या पुतळीबरोबर तोलायची. वजन भरलं तरी तिचं समाधान होत नसे. मग ती पुतळी त्या फटीत घालायची. खरी असली तर कडीपर्यंत सुळकन आत जायची. खोटी असली तर तोंडाशीच अडायची.

"सोनं जड असतं," ती मला समजावून सांगायची. "तेवढ्याच वजनाचं पितळ घेतलंस तर ते जाडच होनार. काट्याला फसवशील, फटीला कशी फसवशील?" शाळेत घनता शिकवताना मी इतकी वर्षं लोखंड आणि कापूस घेऊन बसले होते. ही बाई चौथीही पास नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही.

मी जिथे नोकरी केली ती वाडी कुडपणच्या बाजूच्या डोंगरात आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजूनही भेटली की मला चहा पाजतात, आणि मी तो पिते. वाडीच्या देवीची एक पुतळी आहे. ती देवळात ठेवत नाहीत. वर्षाला एका घराची पाळी असते. शिमग्याला पुतळी एका देव्हाऱ्यातून निघते, पालखीत देवीच्या गळ्यात बसते आणि पालखी घरोघर फिरून आली की पुढच्या घरी जाते. ज्याची पाळी संपते त्याने ती लखलखीत करून द्यायची. चिंच लावून, राख लावून अशी घासतात की बघत राहावं. गेल्या वर्षीच्यापेक्षा आमच्या पाळीत देवी जास्त चमकली पाहिजे, अशी घराघरांत चढाओढ. मीही त्या पुतळीला नऊ वर्षं हळदकुंकू वाहिलं आहे.

त्या वर्षी पाळी चंद्राची होती. चंद्रा माझ्या दोन विद्यार्थ्यांची आई. नवरा झाडावरून पडून गेला, मग हिने नाचणी आणि म्हशीच्या जोरावर पोरं वाढवली. थोरलीचं लग्न ठरलेलं. शिमग्याला महिना उरला असताना वाडीच्या मुंबई मंडळाने ठरवलं, की देवीला नवा हार करायचा आणि मधोमध ही पुतळी बसवायची. मंडळाचे सेक्रेटरी गाडी घेऊन आले, पुतळी घेऊन मुंबईला गेले. तिथल्या दुकानात मशीनखाली घातली, तर सोनं नाहीच. पितळ.

त्याच दुपारी मशीनच्या कागदाचा फोटो वाडीच्या ग्रुपवर आला. खाली एक ओळ: देवीची पुतळी बदलली गेली आहे. कुणी बदलली ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, वर्षभर ती कुणाच्या देव्हाऱ्यात होती ते सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्या दिवशी चंद्राचं दळण गिरणीवाल्याने परत पाठवलं. विहिरीवर बायका ती आली की कळशी उचलून चालू लागल्या. सोयऱ्यांचा निरोप आला, आधी तुमचं काय ते मिटू द्या, मग लग्नाचं बघू. आणि गावकीने सांगितलं, शिमग्याच्या आत खरी पुतळी आणून दे, नाहीतर पालखी तुझ्या दाराशी थांबणार नाही. पालखी दार चुकवून पुढे गेली की त्या घराचं वाडीत काही उरत नाही. ना हाक, ना खांदा. माणसाला असं वाळीत टाकणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे मी नागरिकशास्त्रात शिकवलं आहे. पण कायदा पोलादपूरपर्यंत गाडीने येतो, पुढचा चढ काही त्याला झेपत नाही. पोलिसात जा म्हटलं तर चंद्रा म्हणाली, "बाय, फौजदार परत जातील. मला तिथंच रावायचंय."

मी तोवर महाडला राहायला आले होते. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात फक्त फोनमधला पुतळीचा फोटो होता. मी तिला तडक खालाकडे नेलं. खालाने फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "कुठली वाडी?" मी सांगितलं, आणि ह्यासाठी गावकीने देवळात सभा बोलावली आहे तेही सांगितलं. खालाने फोन परत दिला आणि हातातला दोरा डब्यात ठेवून झाकण लावलं. मग म्हणाली, "सभा कधी हाय तुमची? मी येते." गुडघ्यांमुळे जी बाई गल्लीच्या टोकापलीकडे जात नव्हती, ती डोंगरावर यायला निघाली.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात सभा भरली. खाला जीपमधून उतरून बाहेरच्या पायरीवर बसली. मी आत बोलावलं तर म्हणाली, "इथूनच दिसतंय." तरीही कुणीतरी पुटपुटलंच, देवीच्या कामात ह्यांना कशाला आणलंत. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण माझ्या आधी खालाच बोलली.

"इथं बसलेल्या ज्या बायांचं डोरलं माझ्या हातानं गाठलंय, त्यांनी हात वर करा."

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग जवळजवळ सगळ्या बाजूंनी हात वर झाले. नव्वदीला टेकलेल्या धोंडूबाबांची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तिनेही हात वर केला. "लगनाच्या दिवशी माझ्या गाठी चालल्या, आज मी चालत नाय होय?" खाला म्हणाली.

सेक्रेटरींनी कागद फडकवला. "मशीनचा रिपोर्ट आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाय. हमको किसी से दुश्मनी नहीं, पण देवीचा माल देवीला परत पायजे."

"मशीन बरोबर बोलतंय," खाला म्हणाली. "पुतळी पितळेचीच हाय."

मंडपात गलका झाला. चंद्राने माझा दंड इतक्या जोरात धरला की तिची नखं रुतली. क्षणभर मलाही वाटलं, हे काय करून बसले मी.

खालाने धोंडूबाबांच्या म्हातारीकडून तिच्या माळेतली एक पुतळी मागून घेतली. ती आणि सेक्रेटरींनी परत आणलेली देवीची, दोन्ही पुतळ्या काट्याला लावल्या. काटा सरळ. मग कळकाची पट्टी काढली. म्हातारीची पुतळी सुळकन आत गेली. देवीची अडली. तिने सेक्रेटरींनाच सांगितलं, तुम्ही घालून बघा. त्यांनी जोर लावून बघितला. जाईना.

"आता मला सांगा," खाला म्हणाली, "ही पुतळी तुम्ही चिंचेनं घासता ती किती वर्सं?"

लोकांना प्रश्नच कळेना. धोंडूबाबा म्हणाले, "आमी पोरं व्हतो तवापासनं. वर्साच्या वर्साला काळी पडते ती, म्हनून घासायची."

"काळी पडते." खालाने ते दोन शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे उच्चारले. मग ती बायकांकडे वळली. "तुमी सांगा गो. घरात चिंच कशाला लावता?"

"तांब्याला," एकजण म्हणाली. "समयांना," दुसरी म्हणाली आणि बोलता बोलता थांबली.

"आनि गळ्यातल्या डोरल्याला?"

दोघीतिघींचे हात आपापल्या गळ्याकडे गेले. सोनं काळं पडत नाही, त्याला चिंच लागत नाही. चिंच पितळेला लागते. हे तिथल्या प्रत्येक बाईला रोज सकाळी भांडी घासताना माहीत होतं, आणि ह्या माणसांच्या तीन पिढ्या दर शिमग्याला आपल्या हाताने पितळ घासून लखलखीत करत होत्या. वरचा मुलामा कधीच धुतला गेला होता. धोंडूबाबा पोरगा असताना जी पुतळी काळी पडत होती, ती चंद्राने ह्या वर्षी बदलली म्हणे! मी नऊ वर्षं तिथे विज्ञान शिकवलं, घासताना उभी राहून पाहिलं, आणि एकदाही माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

"हिनं चोरलं काय?" खालाने चंद्राकडे बोट केलं. "जे तुमच्याकडं कधी नव्हतंच, ते हिनं चोरलं कसं?"

ती तिथे थांबली असती तर जिंकून परत आली असती. पण ती थांबली नाही. पायरीचा आधार घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजून एक गोष्ट हाय. ही पुतळी अठरा वर्सांमागं माझ्याकडे गाठायला आलेली. तवाच ती ह्या फटीत अडकली. मला तवाच कळलं. जो मानूस घेऊन आला त्याला मी सांगितलं. तो म्हनाला, देवीची हाय, गप गाठून दे, गावाची अब्रू जाईल. मी गाठून दिली. गप बसले. मी तवा बोलले असते तर आज ही बाई हितं उभी नसती."

देवीचं काही गाठायला न्यायचं तर ते मानकऱ्यांनीच, आणि अठरा वर्षांपूर्वी देवीचे मानकरी कोण होते ते मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सेक्रेटरींचे वडील. आता ते नाहीत. खालाने नाव घेतलं नाही. सेक्रेटरींनी मशीनच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि चंद्रासमोर हात जोडेल. नुसतं "चुकलो" म्हणेल. माझा माणसांवर फार विश्वास, हा माझा जुना दोष आहे. सेक्रेटरी उठून म्हणाले, "गैरसमज झाला. विषय संपला. मंडळ देवीला नवीन पुतळी घेईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बाई पंधरा दिवस कुणाच्या तोंडाकडे न बघता जगली, लेकीचं लग्न लटकलं, आणि ह्यांचा विषय संपला. मी बोलायला उठले तर मला चहा आणून दिला.

पुढच्या आठवड्यात मंडळाची नवी, खरी पुतळी गाठायला खालाकडे आली. तिने हात लावला नाही. "आधी त्या बाईच्या दारात जाऊन सांगा, की ती चोर नाय. मंग आना." आणणारा माणूस म्हणाला, गाठणारे काय तुम्ही एकट्याच नाही. खरंच नव्हती. त्यांनी ती मुंबईला गाठून घेतली, आणि त्यानंतर त्या बाजूच्या वाड्यांमधून खालाकडे एकही मंगळसूत्र आलं नाही. मी चिडून बोलले तर तिने मलाच गप्प केलं. "माझ्या गप बसन्याचं फळ हाय ते. तू कशाला तापतेस?"

शिमगा आला. खाला तोवर अंथरुणाला खिळली होती, पाय सुजले होते. मी एकटीच वाडीवर गेले आणि चंद्राच्या अंगणात जाऊन बसले. ढोल वाजवत पालखी आली, दाराशी थांबली. देवीच्या गळ्यात नवी पुतळी होती. चंद्रा उंबऱ्यात उभी. हातात ओटी नाही, आरती नाही. रीत अशी, की घरच्या बाईने ओटी भरल्याशिवाय पालखी दारातून हलवता येत नाही, आणि खांद्यावरून खालीही ठेवता येत नाही.

"ओटी आन गो," कुणीतरी म्हणालं.

"आनते," चंद्रा म्हणाली. "देवीशी माझं भांडान नाय. पन आधी कुनीतरी मोठ्यानं बोला, मी चोर नाय म्हनून."

ढोल थांबले. पालखी खांद्यावर, ऊन डोक्यावर. सेक्रेटरी गर्दीतून मागे मागे सरकत गेले. कुणी समजावलं, कुणी दरडावलं, देवीचा कोप होईल म्हणून एकाने भीती घातली. चंद्रा हलली नाही. भोयांचे पाय लटपटायला लागले, घाम गळायला लागला. शेवटी पुढच्या खांद्याचा एक माणूस, ज्याने तिचं दळण परत पाठवलं होतं तोच गिरणीवाला, ओरडला, "चंद्रावैनी चोर नाय! आमी चुकलो!" मग दुसरा बोलला. मग मागचे. चंद्राने डोळे पुसले, आत गेली आणि सुपात ओटी घेऊन बाहेर आली.

संध्याकाळच्या आत मी महाडला पोचले आणि चपला न काढता खालाच्या खाटेशी गेले. सगळं सांगितलं, चंद्राच्या लेकीच्या होणाऱ्या सासरहून लगेच फोन आला तेही सांगितलं. खाला डोळे मिटून ऐकत होती. ईदेच्या आधी ती गेली. हे आमचं शेवटचं धड बोलणं.

"पालखी किती वेळ उभी ठेवली तिनं?" तिने विचारलं.

"अर्धा तास तरी," मी अभिमानाने म्हटलं.

खालाने डोळे उघडले. "कमीच ठेवली गो," ती म्हणाली. "मी अठरा वर्सं गप बसलेली."